तलावाकाठी घर घेताय? आधी शाळेचा डिस्ट्रिक्ट बघा

नमस्कार मंडळी, उत्तर मिनेसोटात येणाऱ्या आपल्या लोकांचे फोन हल्ली वाढलेत, कोणी हॉस्पिटलमध्ये जॉइन होतंय, कोणी फॅक्टरीत इंजिनीयर, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, शाळेचं रेटिंग किती? अहो, इथे तीन-चार गावांची मिळून एक शाळा असते, वॉकर-हॅकेन्सॅक-एकली हे एकाच डिस्ट्रिक्टचं, म्हणजे शाळा चालवणाऱ्या एकाच हद्दीचं नाव आहे बघा, मग रेटिंग बघून निवडणार काय!

बघायचं ते हे, की घर नक्की कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं. पत्त्यात गावाचं नाव लिहिलंय म्हणजे शाळा त्याच गावाची असं नाही, पोस्टाची हद्द वेगळी, शाळेची वेगळी. आम्ही हेच चुकलो. घर आवडलं, समोर पाणी, सही करून मोकळे, आणि मग कळलं की मुलीची बस तलावाला वळसा घालून पाऊण तास फिरणार. घर बघायला जाल तेव्हा एजंटला विचाराच, पण काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) प्रॉपर्टी टॅक्सच्या कागदावर डिस्ट्रिक्टचा नंबर असतो, तो स्वतः बघा.

शेजारच्या डिस्ट्रिक्टची शाळा हवी असेल तर ओपन एनरोलमेंट आहे, साधारणपणे पुढच्या वर्षासाठी १५ जानेवारीच्या आत फॉर्म द्यायचा, फी नाही. फक्त बसची गोम आहे, ती शाळा तुमच्या दारात बस पाठवायला बांधलेली नाही, हद्दीपर्यंत मुलाला तुम्हीच सोडायचं. जानेवारीत उणे पंचवीसमध्ये सकाळी सातला गाडी काढायची तयारी असेल तरच करा. आणि अंतराचं रडू नका, वॉररोडच्या डिस्ट्रिक्टमधली नॉर्थवेस्ट अँगलची (मिनेसोटाचा तलावापलीकडचा तुकडा, रस्ता फक्त कॅनडातून) मुलं सहावीपर्यंत एका खोलीच्या शाळेत शिकतात आणि सातवीपासून बसने कॅनडातून जाऊन परत अमेरिकेत शिरतात, रोज!

किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला मूल ५ वर्षांचं पूर्ण लागतं. त्याआधी अर्ली चाइल्डहूड स्क्रीनिंग, म्हणजे मुलाच्या तब्येतीची आणि वाढीची तपासणी, करून घ्यावं लागतं, डिस्ट्रिक्टच करतो, फुकट. लसींचं कार्ड भारतातून येतानाच डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट आणा. भाषेच्या फॉर्मवर घरी मराठी बोलतो असं लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, म्हणून काहीजण घाबरून इंग्लिश लिहितात. कशाला? गरज निघाली तर जास्तीची मदत मिळते, नाही निघाली तर विषय संपला.

२०२३-२४ पासून शाळेत सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण सगळ्या मुलांना मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. व्हेज म्हणाल तर चीज पिझ्झा आणि परत चीज पिझ्झा, किचनमधल्या बाईंना प्रत्यक्ष भेटून सांगा, छोट्या गावात ते ईमेलपेक्षा लवकर होतं. आमच्याकडे डब्यात पोळीभाजीच जाते.

शाळा बहुतेक ठिकाणी लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुरू होते, कायदाही साधारण तसाच आहे, कारण तोवर रिसॉर्टचा सीझन असतो आणि मोठी मुलं तिथे कामाला असतात. म्हणून ऑगस्टमध्ये भारतवारी निवांत जमते.

आता पैशांचं, कारण नोव्हेंबरमध्ये दारावर रेफरेंडमच्या, म्हणजे शाळेच्या करावरच्या मतदानाच्या पाट्या दिसतील. शिक्षकांचे पगार वगैरे चालवायचा जो जादा कर लोक मतदान करून लावतात, त्यातून उन्हाळी केबिन, म्हणजे बाहेरच्या लोकांची सुट्टीतली घरं, वगळलेल्या असतात. म्हणजे तलावाभोवती लाखो डॉलरच्या केबिन, पण तो बोजा बारमाही राहणाऱ्यांवर. नवीन इमारतीच्या बाँडचा, म्हणजे त्यासाठी काढलेल्या कर्जाचा कर मात्र केबिनवाल्यांनाही लागतो, आणि त्यांचं मत इथे नसतं, त्यामुळे तेव्हा गावात जी भांडणं होतात ती आपल्या ग्रामपंचायतीची आठवण करून देतात. मतदानाचा हक्क नसला तरी स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसता येतं, जा.

आणि हिवाळ्यात शुक्रवारी बास्केटबॉलची मॅच असली की जिममध्ये जा, आपलं मूल खेळत नसलं तरी. आमच्या बर्फ काढणाऱ्या माणसाची ओळख मला तिथल्याच बाकड्यावर पॉपकॉर्न खाताना झाली.