केमिकल कंपनीत कॅन्सरचा धोका जोखताना या चुका टाळा

नवी मुंबईच्या रबाळे, पावणे, तुर्भे पट्ट्यातल्या बऱ्याच युनिटांत 'रिस्क असेसमेंट' (धोक्याचा अंदाज) म्हणजे ऑडिटच्या तोंडावर भरलेली एक्सेल शीट. डावीकडे रसायनांची नावं, उजवीकडे लाल-पिवळा-हिरवा रंग. कॅन्सरच्या बाबतीत ही शीट हमखास फसते.

एक तर गटाचा आकडा चुकीचा वाचला जातो. आयएआरसी ही ल्यॉनची (फ्रान्स) कॅन्सर संशोधन संस्था रसायनांना 1, 2ए, 2बी, 3 असे गट देते. गट 1 म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का, 2ए म्हणजे बहुधा होतो, 2बी म्हणजे कदाचित होत असेल, 3 म्हणजे ठरवता येत नाही. रसायन किती जहाल, हे त्यातून कळत नाही. बेन्झीन गट 1 मध्ये, दारूही गट 1 मध्ये! म्हणून '2बी आहे, चालतंय' म्हणून सोडून देऊ नका. माणसाच्या अंगात किती जातं, ते शॉपफ्लोअरवरच बघावं लागतं.

'वास येत नाही ना, मग काय?' व्हिनाइल क्लोराइडचा (ज्यापासून पीव्हीसी प्लास्टिक बनतं तो वायू) वास साधारण 3000 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 3000 भाग) जाणवतो आणि अमेरिकेतली आठ तासांची मर्यादा आहे 1 पीपीएम. केंटकीतल्या पीव्हीसी कामगारांना यकृताचा अत्यंत दुर्मीळ कॅन्सर झाल्याचं 1974 मध्ये उघड झालं, त्यानंतर ही मर्यादा इतकी खाली आणली गेली.

सगळ्यात मोठा घोळ हवेच्या मोजमापात होतो. लॅबचा माणूस येतो, शेडच्या मधोमध स्टँड लावतो, रिपोर्ट येतो 'मर्यादेत'. पण जास्त डोस कुणाला बसतो? ड्रमचं बूच उघडणाऱ्याला, रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमधून माल टाकणाऱ्याला (चार्जिंग), फिल्टर प्रेसमध्ये साठलेला गाळ (केक) खरवडणाऱ्याला. आणि रविवारच्या शटडाउनला रिअ‍ॅक्टर धुवायला येणारी ठेकेदाराची पोरं तर शीटमध्ये नसतातच. हवेचा नमुना घेणारा पंप या सगळ्यांच्या कमरेला, ट्यूब कॉलरला, आणि तेच काम चालू असताना लावा. पाळी बारा तासांची असेल तर आठ तासांची मर्यादा जशीच्या तशी धरू नका. लांब पाळीसाठी मर्यादा कमी करणाऱ्या ब्रीफ-स्काला सूत्राने ती थेट निम्म्यावर येते. ओव्हरटाइम लावताना हे कुणाच्या लक्षात असतं?

डाय इंटरमीजिएटवाल्यांनी (रंग बनवायला लागणारी मधली रसायनं करणाऱ्यांनी) हवेइतकंच कातडीकडे बघावं. त्यातलं ऑर्थो-टोल्युइडीन कातडीतून आत जातं आणि मूत्राशयाचा कॅन्सर करतं. तिथे नुसता मास्क काय करणार? हातमोजा त्या रसायनाला टिकणारा हवा, आणि कामाचे कपडे धुवायला घरी जाता कामा नयेत.

थिनर, क्लीनर अशा ट्रेड नावांवर थांबू नका. एसडीएसच्या (रसायनासोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक) तिसऱ्या विभागात घटक आणि सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) बघा. बेन्झीनचा 71-43-2. घटक 0.1 टक्का आहे म्हणून तो सोडू नका.

वार्षिक मेडिकलमध्ये एक्स-रे आणि डोळे तपासून मूत्राशयाचं काय कळणार? तिथे लघवीतल्या पेशींची तपासणी लागते, बेन्झीनवाल्यांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). 'इतक्या वर्षांत इथे कुणाला काही झालं नाही' हेही नेहमीचंच. असे कॅन्सर दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर माणूस कंपनी सोडून साताऱ्याला गेलेला असतो, त्याची खबर ठेवतंय कोण? म्हणून कोणी, कोणत्या प्लांटवर, कशात, किती वर्षं काम केलं याची नोंद ठेवा आणि सोडून जाणाऱ्याच्या हातात तिची प्रत द्या. पुढे कधी डॉक्टरकडे जावं लागलं तर केसपेपरवर 'व्यवसाय: नोकरी' एवढंच लिहू देऊ नका, रसायनाचं नाव लिहायला लावा.