निघोजच्या रांजणखळग्यांची पाहणी: भूवैविध्य आणि पर्यटनक्षमता कशी जोखावी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीने बेसाल्टच्या कातळात कोरलेले रांजणखळगे, म्हणजे रांजणासारखे खोल गोल खड्डे, सर्वपरिचित आहेत. मात्र अशा स्थळाचे मूल्यमापन करताना भूवैज्ञानिक महत्त्व आणि पर्यटनक्षमता यांचे गुण वेगवेगळे ठेवावेत. दोन्हींची बेरीज केल्यास चांगला रस्ता आणि वाहनतळ असलेले सामान्य ठिकाण आडवळणाच्या दुर्मीळ ठिकाणाच्या पुढे जाते, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

पाहणी उन्हाळ्यात, पात्रातले पाणी ओसरल्यावर करावी. मात्र वरच्या धरणांतून सिंचनाच्या पाण्याचे आवर्तन सुटणार नाही, याची आधी चौकशी करावी. प्रत्येक खळग्याच्या तोंडाची रुंदी आणि खोली मोजावी, भिंतीवरचे वळसेदार ओरखडे पाहावेत आणि तळाशी गोटे आहेत का, हे नोंदवावे. भोवऱ्यात गरगरणाऱ्या याच गोट्यांनी कातळ घासून खळगा खोल केलेला असतो, म्हणून ते उचलून आणू नयेत. शेजारचे दोन खळगे मधली भिंत झिजून एकमेकांत मिसळलेले दिसतात, तिथे थांबून रेखाटन करावे, कारण नदीची अरुंद घळ कशी तयार होते, हे तिथे उघड दिसते.

भूवैविध्य म्हणजे खडक आणि भूरूपांचे वेगवेगळे प्रकार, त्यांची संख्या नव्हे. खळगे शेकड्यांनी असले तरी तो एकच प्रकार धरावा. लाव्हाच्या थरांमधील सीमा, वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या, त्यांत भरलेली खनिजे, कातळातल्या भेगा आणि नदीचा गाळ यांपैकी जे प्रत्यक्ष आढळेल, तेवढेच स्वतंत्र नोंदवावे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि त्यावर आजही चाललेले नदीचे काम एकाच जागी दाखवता येते, ही निघोजची खरी ताकद आहे.

पर्यटनासाठी रस्ता, पाणी आणि स्वच्छतागृहे पाहावीतच, शिवाय मळगंगा देवीच्या यात्रेतील गर्दीही लक्षात घ्यावी. सर्वाधिक वजन सुरक्षिततेला द्यावे: ओला, गुळगुळीत कातळ पाय टिकू देत नाही आणि कुंडाची खोली वरून कळत नाही. कातळावर न उतरता खळगे नीट दिसतील अशा जागा नकाशावर दाखवाव्यात. सिमेंटच्या पायऱ्या, रंगवलेली नावे आणि कचरा यांनी झालेली हानी छायाचित्रांसह वेगळ्या तक्त्यात मांडावी. नदीपलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात येत असल्याने अहवाल दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींना द्यावा.