नव्या विकिपीडियाकराला सोबत कशी करावी

विकिपीडियावर नवखा माणूस बहुतेकदा लेखातल्या एखाद्या चुकीमुळे ओढला जातो. कुठलंतरी साल चुकलेलं दिसतं, आपल्या विषयातली महत्त्वाची गोष्ट राहून गेलेली दिसते, आणि वर ‘संपादन’ असं लिहिलेलंच असतं. तो बदल करतो, जतन करतो, खूश होतो. थोड्या वेळाने पाहतो तर लिहिलेलं सगळं नाहीसं. लेखाचा इतिहास पाहायची सोय असते हे त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असलंच तर तिथे ‘संदर्भ नाही’ एवढे दोनच शब्द सापडतात. मार्गदर्शकाची खरी गरज इथे असते. साचे (पानावर घालायचे तयार नमुने), वर्ग (लेखांचे विषयवार गट), तक्ते वगैरे शिकवायला पुढे भरपूर वेळ मिळतो.

मी बरीच वर्षं नव्या सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते आहे. एखाद्या नवख्याने किती लेख लिहिले यावरून मी माझं काम जोखत नाही. पहिला बदल उलटवला गेल्यावर तो माणूस परत आला का, एवढंच पाहते. यामागे निव्वळ माझी भावना नाही. संशोधक आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक २००७ नंतर का घटत गेले याचा शोध घेतला होता. चांगल्या हेतूने लिहिणाऱ्या नवख्यांचे बदल झटपट नाकारले जाणं, आणि त्यात अर्धस्वयंचलित साधनांचा वाढता वापर, हे त्यांना सापडलेलं एक मोठं कारण. लेख सांभाळण्यासाठी केलेल्या व्यवस्थेनेच लेख लिहिणारी माणसं दुरावली. हे थांबवणं आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात थोडंथोडं आहे.

लिहिण्याआधी वाचा

कुणालाही निरोप पाठवण्याआधी त्या सदस्याचं ‘योगदान’ पान उघडा आणि प्रत्येक बदलाचा फरक वाचा. नव्या माणसाचे बदल मोजकेच असतात, फार वेळ लागत नाही. त्याने काय करायचा प्रयत्न केला हे शोधा. काय बिघडलं हे आपोआप दिसतंच. ज्याने मोकळ्या जागा आणि कंस विस्कटून टाकले, त्याने कदाचित त्याच बदलात एका नदीच्या लांबीचा चुकीचा आकडा दुरुस्त केलेला असतो.

मजकूर भारदस्त, एकसंध आणि चकचकीत वाटला तर त्यातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. दुसरीकडून उचललेला निघाला तर आधी तेच बोलावं लागतं, कारण तो मजकूर लेखात राहणार नाही. बहुतेक नवख्यांना वाटतं की खाली दुवा दिला म्हणजे उतरवून घ्यायला हरकत नाही. त्यांना शांतपणे सांगा: माहिती घ्यावी, वाक्यं स्वतःची लिहावीत, आणि माहिती कुठून घेतली ते नोंदवावं.

निव्वळ खोडसाळपणा करणाऱ्यांच्या मागे मार्गदर्शकाने लागू नये. ते काम करणारे इतर आहेत. शंका असेल तेव्हा मात्र हेतू चांगला आहे असंच धरून चाला.

पहिला निरोप

स्वागताचा तयार साचा रंगीत असतो, त्यात दुव्यांची रांग असते, आणि नवखा माणूस त्यातलं फारसं काही उघडत नाही. साचा लावायचा तर लावा, पण त्याखाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहा. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार. “कावीळ” या लेखात नवजात बाळांच्या काविळीबद्दल तुम्ही लिहिलेला परिच्छेद वाचला. लेखात ही बाजू राहूनच गेली होती. परिच्छेदाला संदर्भ जोडलेला नव्हता म्हणून तो सध्या काढला आहे. तुमचं लिखाण हरवलेलं नाही, लेखाच्या “इतिहास” पानावर जसंच्या तसं आहे. या माहितीसाठी तुमच्या हाताशी एखादं वैद्यकीय पाठ्यपुस्तक आहे का? पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक इथेच लिहा, संदर्भ कसा जोडायचा ते मी दाखवते.’

यातलं ‘हरवलेलं नाही’ हे वाक्य मी कधीच गाळत नाही. संध्याकाळभर बसून लिहिलेलं कायमचं पुसलं गेलं, असं वाटून माणूस खाते उघडतो त्याच दिवशी निघून जातो. जुनी प्रत पाहता येते हे कळलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग तो नियमांबद्दल ऐकायला तयार होतो. दुसरं, निरोपाच्या शेवटी एकच प्रश्न ठेवा, आणि तो असा असावा की त्याला दोन ओळींत उत्तर देता येईल. ‘कृपया धोरणं वाचा’ याला कुणी काय उत्तर देणार? तिसरं, मी ‘पाठ्यपुस्तक’ असं मुद्दाम लिहिते. वैद्यकीय लेखांमध्ये वर्तमानपत्रातली बातमी किंवा कुणाचा वैयक्तिक अनुभव चालत नाही. नुसतं ‘संदर्भ द्या’ म्हटलं तर नवखा पहिला सापडलेला दुवा चिकटवतो, तोही उलटवला जातो, आणि दुसऱ्यांदा हिरमुसलेला माणूस सहसा परत येत नाही.

निरोप त्यांच्या चर्चापानावर, म्हणजे सदस्याशी किंवा लेखाबद्दल बोलण्यासाठी असलेल्या जोडपानावर, लिहा. त्यांनी तुमच्या पानावर विचारलं असेल तर तिथेच उत्तर देताना त्यांच्या सदस्यनावाचा दुवा घाला, म्हणजे त्यांना सूचना जाते. इथे एक बारकावा आहे. नावाचा दुवा आणि तुमची सही एकाच वेळी जतन झाली तरच सूचना पोचते. आधी सही करून टाकली आणि नाव आठवल्यावर मागाहून घातलं, तर समोरच्याला काहीच कळत नाही आणि तुम्ही मात्र उत्तराची वाट पाहत बसता. चर्चापानावरचं ‘उत्तर द्या’ वापरलं तर सही आपोआप होते.

बोलणं होता होईल तो विकीवरच ठेवा, ईमेलवर नेऊ नका. तुम्ही चार दिवस नसलात तर दुसरा कुणी उत्तर देऊ शकतो, आणि तोच प्रश्न पडलेला तिसरा माणूस ते वाचून शिकतो. याला एक अपवाद आहे. नवख्याने भाबडेपणाने स्वतःचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता पानावर लिहिला असेल तर त्याची उघड वाच्यता करू नका. पानावरून काढला तरी तो इतिहासात राहतो. तो तिथूनही झाकण्याचे अधिकार मोजक्या सदस्यांना असतात, त्यांना खाजगीत कळवा.

‘मला माहीत आहे’ असं म्हणणाऱ्यांशी बोलणं

हा सगळ्यात नाजूक प्रसंग, आणि माझ्या मते मार्गदर्शकाची परीक्षा इथेच होते. आयुष्यभर वाफेच्या टर्बाइनवर काम केलेले एक अभियंते मला भेटले. लेखातली चूक त्यांनी अगदी बरोबर पकडली होती, दुरुस्तीही बरोबर केली होती, आणि ती उलटवली गेली होती. त्यांचा प्रश्न साधा होता: ज्याने हे यंत्र कधी जवळून पाहिलं नाही तो माणूस मला पुरावा कसा मागतो?

अशा वेळी धोरणाचं नाव घेऊन काही साधत नाही. मी त्यांना लिहिलं की तुम्हाला हे ठाऊक आहे यावर माझा विश्वास आहे, पण वाचकाला तुम्ही दिसत नाही. त्याला फक्त वाक्य दिसतं. उद्या दुसरं कुणी तुमच्याइतक्याच आत्मविश्वासाने तिथे चुकीचा आकडा लिहील, तेव्हा दोन वाक्यांतलं खरं कुठलं हे वाचकाने कसं ठरवायचं? तो फक्त संदर्भ उघडून पाहू शकतो.

मग मी त्यांना काम दिलं: या विषयावरची कुठली पुस्तकं भरवशाची आहेत आणि कुठली कालबाह्य झाली आहेत, ते लेखाच्या चर्चापानावर लिहा. तज्ज्ञ माणूस इथे जे देऊ शकतो ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. स्वतःचा अनुभव त्याला लेखात घालता येत नाही, कारण अप्रकाशित संशोधन आणि स्वतःचे निष्कर्ष विकिपीडियावर चालत नाहीत. पण कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या प्रकरणात अचूक उत्तर आहे हे त्याला झोपेतही सांगता येतं. त्यांनी यादी दिली. त्या यादीवरून लेखाचे जवळजवळ सगळे संदर्भ बदलले गेले.

क्रम

आधी हाती संदर्भ, मग वाक्य. हा क्रम सुरुवातीपासून लावा. आधी आठवणीतून लिहून मग त्याला साजेसा दुवा शोधायची सवय एकदा लागली की ती मोडणं फार अवघड जातं.

पहिलं काम अस्तित्वात असलेल्या लेखात द्या. एक वाक्य, एक संदर्भ. मग एक परिच्छेद. धूळपाटी, म्हणजे सरावासाठीचं पान, तक्ते आणि साचे करून पाहायला छान आहे, पण नवख्याला तिथे आठवडेच्या आठवडे बसवून ठेवणं मला पटत नाही. धूळपाटीवर कुणी वाचायला येत नाही, दुरुस्त करत नाही, आक्षेप घेत नाही. म्हणजे या समाजात वावरण्याचा जो भाग शिकायचा तोच शिकून होत नाही.

बहुतेकांना मात्र पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायचा असतो. त्यांना अडवू नका, तीन स्रोत आणायला सांगा. विषयाशी संबंध नसलेल्या लोकांनी, विषयाबद्दल ऐसपैस लिहिलेले तीन स्रोत. विषयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं पान, मुलाखत, प्रसिद्धीपत्रक यांतलं काही त्यात मोजू नका. तीन मिळाले नाहीत तर ‘हा लेख सध्या टिकणार नाही’ हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा. महिनाभर खपून लिहिलेला लेख वगळला जाताना पाहण्यापेक्षा ते ऐकणं सोपं असतं. नियम भाषेगणिक वेगळे आहेत हेही सांगून ठेवा. इंग्रजी विकिपीडियावर साधारणपणे चार दिवस जुनं खातं आणि दहा बदल झाल्याशिवाय थेट नवा लेख तयार करता येत नाही, आणि सहा महिने कुणी हात न लावलेला मसुदा वगळला जाऊ शकतो. एका भाषेत चाललं म्हणून दुसऱ्या भाषेत चालेल असं नाही.

लेख स्वतःच्या संस्थेवर किंवा नातेवाइकावर आहे असं वाटलं तर सरळ विचारा, पण आरोप न करता. ‘या संस्थेशी तुमचा काही संबंध आहे का? असेल तर लेखात थेट न लिहिता चर्चापानावर बदल सुचवण्याची सोय आहे’ एवढं पुरतं. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते कुणासाठी लिहितो हे जाहीर करणं विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. अनेकांना हे खरोखरच ठाऊक नसतं, सांगितल्यावर ते लगेच जाहीर करतात.

अनुवाद करून लेख आणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. दुसऱ्या भाषेतल्या विकिपीडियावरून घ्यायला हरकत नाही, पण मूळ लेखाचा दुवा बदलाच्या सारांशात (जतन करताना काय बदललं ते लिहायच्या ओळीत) द्यावा लागतो, कारण परवान्यानुसार मूळ लेखकांना श्रेय देणं आवश्यक आहे. आणि यंत्राने केलेला अनुवाद वाक्यावाक्याने वाचून काढल्याशिवाय जतन करू नये. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर आला तर मी एकच विचारते: ‘यातला प्रत्येक संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिलात का?’ असे संदर्भ कधीकधी अस्तित्वातच नसतात. शोधायला गेलं की नवख्याचं त्यालाच ते कळतं.

वाद झाला तर

नवख्याची बाजू घेऊन त्याच्या वतीने बदल परतवू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर प्रतिबंध लागू शकतो, आणि दोघांनी मिळून उलटवायला सुरुवात केली तर ती टोळी वाटते. त्याऐवजी चर्चापानावर कसं लिहायचं ते दाखवा: वादातलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली संदर्भ, त्याखाली प्रश्न. समोरच्या सदस्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको. मग काही दिवस थांबायचं. सगळे सदस्य स्वयंसेवक असतात, उत्तर लगेच येईलच असं नाही.

आणखी एक काम मी आवर्जून करते. ज्यांनी बदल उलटवला त्यांच्या चर्चापानावर दोन ओळी लिहिते: ‘हे सदस्य नवीन आहेत, हेतू चांगला आहे. पुढच्या वेळी सारांशात कारण थोडं सविस्तर लिहाल का?’ गस्त घालणारे सदस्य एका बैठकीत ढीगभर बदल तपासतात, त्यांतले बरेच खरोखर घाणेरडे असतात. त्यात एखादा प्रामाणिक नवखा भरडला जातो. सौजन्याने लक्षात आणून दिलं तर बहुतेकांना ते पटतं.

किती जणांना घ्यावं

अनेक विकिपीडियांवर आता नवं खातं उघडलं की सदस्याच्या मुखपृष्ठावर एका मार्गदर्शकाचं नाव आपोआप येतं, आणि तिथून विचारलेला प्रश्न थेट मार्गदर्शकाच्या चर्चापानावर पडतो. मार्गदर्शकाच्या फलकावर आपल्या वाट्याचे नवखे दिसतात, लक्ष ठेवायचंय त्यांना तारा लावता येतो, किती जण यावेत हे कमीजास्त करता येतं, आणि ‘सध्या उपलब्ध नाही’ असंही नोंदवता येतं. शेवटची सोय संकोच न करता वापरा. मार्गदर्शक नसलेला माणूस निदान दुसरीकडे विचारतो. ज्याचा मार्गदर्शक गप्प आहे तो वाट पाहत राहतो.

वाट्याला आलेल्यांतले बरेच जण कधीच काही विचारणार नाहीत. त्यांच्या मागे लागू नका. त्यांनी चांगला बदल केला तर इतिहासात त्या ओळीशेजारी असलेलं ‘आभार’ दाबा. एखादा मध्येच थांबला तर एकदा विचारा, उत्तर नाही आलं तर सोडून द्या. माणसं वर्षांनंतरही परत येतात, आणि चर्चापानावर तुमचा निरोप तसाच असतो.

नवखा तुमचं एखादं वाक्य बदलून सारांशात व्यवस्थित संदर्भ देऊ लागला की त्याचा तारा काढा. त्याचे लेख निरीक्षणसूचीत (तुम्ही लक्ष ठेवता त्या पानांच्या यादीत) राहू द्या, आणि तुमच्याकडे पुढचा प्रश्न त्याच्या विषयातला आला तर उत्तर द्यायला त्यालाच बोलवा.