संयुक्त राष्ट्रांत मैत्री जोडताना या चुका टाळा

1996 च्या ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेच्या अस्थायी (दोन वर्षांच्या) जागेसाठी भारत आणि जपान समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा जपानला 142 आणि भारताला अवघी 40 मते पडली. 2010 साली मात्र कझाकस्तानने आधीच माघार घेतल्याने भारत अशाच जागेसाठी आशियाई देशांच्या गटाचा एकमेव उमेदवार होता आणि त्याला 187 मते मिळाली. मतदानाच्या कितीतरी आधी आपल्याच गटात बोलणी करून वाट मोकळी करून घेण्याचे महत्त्व यातून दिसते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणे, ही नव्या प्रतिनिधीची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दुसरी चूक लहान देशांना गृहीत धरण्याची. आमसभेत तुवालूचे मत चीनच्या मताइतकेच मोजले जाते. शिवाय अशा देशांच्या न्यूयॉर्कमधील कचेरीत मोजकीच माणसे असतात आणि एकाच अधिकाऱ्याला अनेक समित्या सांभाळाव्या लागतात. त्याच्या हाती आदल्या संध्याकाळी ठरावाचा लांबलचक मसुदा देऊन पाठिंबा मागितला, तर तो नकार देणार नाही, पण मनातून दुरावेल. आठवडाभर आधी एका पानाचे टिपण द्यावे आणि त्याच्या देशाला त्यात काय लागते, हे विचारून घ्यावे. आमसभेत इंग्रजी वर्णक्रमाने बसतात, त्यामुळे भारताच्या एका बाजूला आइसलँड आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया असतो. माझ्या मते ओळखी वाढवण्याची सुरुवात या शेजाऱ्यांपासूनच करावी.

मसुद्यावर वाटाघाटी संपत आल्या की तो बहुधा ‘मौन प्रक्रियेत’ ठेवला जातो, म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही, तर तो मान्य झाला असे समजतात. राजधानीहून हरकतीची सूचना आली, तर ती अखेरच्या पाच मिनिटांत नुसत्या ईमेलने धाडू नये. महिनोन्महिने राबलेल्या सूत्रधार सहकाऱ्याला आधी स्वतः फोन करून कारण सांगावे, नाहीतर पुढच्या मसुद्याच्या वेळी तो आपल्याशी मोकळेपणाने बोलणार नाही.

आणि तोंडी होकारावर विसंबू नये. सुरक्षा परिषदेच्या जागेसाठी आमसभेत होणारे मतदान गुप्त असते, उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मते लागतात, त्यामुळे ‘नक्की’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण गळतात, हे धरूनच हिशेब मांडावा आणि होकार शक्यतो लेखी घ्यावा. 2006 साली ग्वातेमाला आणि व्हेनेझुएला यांच्यात 47 फेऱ्या झाल्या, तरी कोणालाच दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि अखेर पनामाची निवड झाली. अशा लढतीत प्रत्येक फेरीला मतपत्रिका नव्याने भरावी लागते, म्हणून आपल्या बाजूचे प्रतिनिधी जेवणाच्या सुटीनंतरही सभागृहात परतले आहेत ना, हे खुर्चीगणिक पाहून यावे.