वळिवड्याच्या छावणीतली मुलगी गोष्टीत कशी आणावी

मी कोल्हापूरची. बरीच वर्षं पाचवी-सहावीला मराठी शिकवलं, आता मुलांसाठी गोष्टी लिहिते. निर्वासित मुलीवर गोष्ट लिहायची म्हटलं की नवे लेखक परदेशातल्या बातम्या चाळू लागतात. मला मात्र वळिवडे आठवतं. कोल्हापूरहून मिरजेला जाताना लागणारं छोटं स्टेशन. १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत बहुतेक बायका नि मुलंच होती. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांची आठवण सांगणारं स्मारक आहे. लिहायला बसण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

नायिकेचं नाव ठरवण्याआधी तिचं वय तारखांशी लावून घ्या. समजा, तिचा जन्म जानेवारी १९३२चा. मग १० फेब्रुवारी १९४०ला, ऐन थंडीत, सोव्हिएत सैनिकांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली तेव्हा ती आठ वर्षांची. १९४१मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तेव्हा ती दहाची. तिथून कराची आणि अकराव्या वर्षी वळिवडे. भारत स्वतंत्र झाला तेव्हा ती पंधरा वर्षांची. ही वयं एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. आठ वर्षांच्या मुलीला जे कळत नाही ते अकराव्या वर्षी कळायला लागतं, आणि बालकादंबरीची सगळी मजा त्या तीन वर्षांच्या फरकात असते.

हा सगळा प्रवास गोष्टीत घालू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात चाळीस पानं झाली तरी नायिका इराणातच होती. वर्गात वाचून दाखवलं तर मुलं चुळबुळ करायला लागली. आता माझी गोष्ट सुरू होते ती गाडीतून उतरताना. पायाला चटका देणारा फलाट आणि आईच्या हातातलं गाठोडं. मागचं सगळं तुकड्या-तुकड्यांनी येतं, तिला आठवेल तसं.

आता मुख्य गोष्ट. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपल्या मुलांनी पंधरा ऑगस्टच्या भाषणांत इतक्यांदा ऐकलेला असतो की तो कानावरून निघून जातो. नायिकेला जे हवंय ते हातात धरता येईल एवढं लहान करा. मी लिहिलं होतं, ‘तिचं मन मुक्ततेसाठी तळमळत होतं.’ ते खोडायला मला दोन महिने लागले. त्याजागी आता हे आहे:

‘रात्री तिने पावाचा तुकडा उशीखाली सरकवला. पहाटे मानेला मुंग्या चावल्या. आईने चादर अंगणात नेऊन झटकली, पण एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या रात्री पाव पत्र्याच्या डब्यात गेला आणि डबा उशाशी.’

सायबेरियात उपाशी राहिलेलं मूल पाव लपवणारच. छावणीत रोज खायला मिळतंय, तरी हात ऐकत नाही. ज्या रात्री ती डबा रिकामा ठेवून झोपते, ती रात्र म्हणजे तिची सुटका. वाचणाऱ्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुंग्या तर त्याच्या घरातही असतात!

कोल्हापूरच्या माणसांना देवमाणसं करू नका, हे मी कळकळीने सांगते. आपल्या गावाचा अभिमान वाटतो हे खरं, मलाही वाटतो. पण नायिका सतत उपकाराखाली दबलेली दिसली की ती माणूस राहत नाही. तिला राग येऊ द्या, पेरू विकायला येणाऱ्या मुलीशी तिला भांडू द्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना भांडण कसं होतं, हे लिहायला मला सगळ्यात मजा आली.

शेवटाकडे येताना सांभाळा. सहावीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “बाई, युद्ध संपलं, मग ती घरी का नाही गेली?” या प्रश्नाला बगल देऊ नका. युद्धानंतर सीमा बदलल्या आणि पूर्व पोलंडचा मोठा भाग सोव्हिएत संघात गेला. ज्यांनी या मुलांना मालगाडीत घातलं, त्यांच्याच ताब्यात त्यांचं गाव राहिलं. म्हणून पुष्कळ जण ब्रिटनला, ऑस्ट्रेलियाला, आणखी कुठे कुठे गेले. भोवतालचा देश स्वतंत्र होतोय आणि हिचं गाव मात्र कायमचं परकं झालंय, हा ताण गोष्टीत यायलाच हवा. फक्त झेंड्याचा प्रसंग लिहिताना एक ध्यानात ठेवा, कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. ते मुंबई प्रांतात विलीन झालं १९४९मध्ये. मुंबईतलं वर्णन उचलून इथे चिकटवू नका.

आणि इथेच एक दुसरी मुलगी उभी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना याच छावणीत आसरा मिळाला. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. पोलिश मुलगी कराचीला उतरून वळिवड्याला आली, आणि सिंधी मुलगी कराची सोडून. तिच्यावर मराठीत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा सात-आठ वर्षांच्या असलेल्या मुली आज ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, म्हणून उशीर करू नका. ओळखीच्या कुणाला तरी सोबत घेऊन जा. ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘काय वाटणार!’ एवढंच येतं. पहिल्या दिवशी चूल कुठे मांडली, पाणी कुठून आणलं, शेजारी कोण होतं, हे विचारा. वही पिशवीतच राहू द्या. त्या बोलता बोलता थांबल्या तर पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नका, चहा येईपर्यंत गप्प बसून राहा.