पायात गुठळीची शंका: डी-डायमर, सीआरपी तपासताना या चुका टाळा

एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली की शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका येते, आणि अनेकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग), सीआरपी आणि डी-डायमर एकाच चिठ्ठीवर लिहून दिले जातात. रिपोर्टमध्ये दोन-तीन आकडे वाढलेले दिसले की घरचे धास्तावतात. यातली प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

सीआरपीवरून गुठळी ठरवणं. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की ६ ते ८ तासांत ते वाढू लागतं आणि ४८ तासांच्या सुमारास सर्वांत वर जातं. गुठळीमुळे शिरेच्या भिंतीला दाह होतो, म्हणून सीआरपी वाढू शकतं. पण सेल्युलायटिसमध्येही (त्वचेखालच्या जंतुसंसर्गातही) पोटरी तशीच लाल, गरम, सुजलेली असते आणि सीआरपी वाढतं. उलट, ते नॉर्मल आलं म्हणून गुठळी नाही असंही होत नाही. ईएसआर तर ॲनिमिया, गरोदरपण आणि वयानेही वाढतो, त्यामुळे या निर्णयात त्याला फार वजन देऊ नका. आणखी एक: सीआरपीचं एकक बघा. १.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे १२ मिग्रॅ प्रति लिटर.

आधी पाय न तपासता डी-डायमर पाठवणं. ही चूक सर्वांत महाग पडते. डी-डायमर हा गुठळीतलं फायब्रिन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) विरघळताना सुटणारा तुकडा आहे. शस्त्रक्रिया, गरोदरपण, कॅन्सर, न्यूमोनिया या सगळ्यांत तो वाढतो. त्याचा खरा उपयोग गुठळी नाही हे सांगण्यासाठी, तेही गुठळीची शक्यता कमी असेल तेव्हाच. म्हणून आधी वेल्स स्कोअर काढा, म्हणजे लक्षणं आणि तपासणीवरून गुठळीच्या शक्यतेला गुण द्या. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांना टेप लावा. फरक ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर एक गुण. सुजलेल्या पोटरीवर अंगठा दाबून खळगा राहतो का, तेही बघा. एकूण गुण २ किंवा जास्त झाले तर डी-डायमरच्या रिपोर्टसाठी ताटकळत न बसता थेट डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा.

एफईयू आणि डीडीयू एकच समजणं. ही डी-डायमरच्या रिपोर्टमधली दोन वेगळी एककं आहेत. एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. ५०० ही नेहमीची मर्यादा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एफईयूची आहे. डीडीयूमध्ये ३०० आलेला रिपोर्ट "५००च्या आत" म्हणून बाजूला ठेवला, तर गुठळी हातची निसटू शकते. पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या दहापट धरता येते, पण तीही एफईयूमध्येच आणि शक्यता कमी असेल तरच. ७२ वर्षांच्या बाईंचा ६८० आकडा ७२०च्या आत बसतो.

ट्यूब अर्धी भरणं. डी-डायमरसाठी निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची ट्यूब लागते: ०.३ मिली सायट्रेट, २.७ मिली रक्त. रक्त कमी पडलं की सायट्रेटचं प्रमाण वाढतं, नमुना पातळ होतो आणि आकडा खोटा कमी येतो. बटरफ्लाय सुईने रक्त घेताना नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये शिरते, म्हणून पहिली ट्यूब टाकून द्या. रक्त भरल्यावर ट्यूब ३-४ वेळा हलकेच उलटी-सुलटी करा. जोरात हलवलं तर रक्तपेशी फुटतात. नमुन्यात बारीकशी गुठळी दिसली तर तो चालवून घेऊ नका, पुन्हा रक्त घ्या.

उपचार सुरू झाल्यावर तपासणं. हेपॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) सुरू झालं की डी-डायमर उतरतो. लक्षणं दोन आठवड्यांहून जुनी असतील तरीही तो कमी येऊ शकतो. अशा वेळी "निगेटिव्ह" रिपोर्टवर भिस्त ठेवू नका.

ऐन आजारात थ्रॉम्बोफिलियाच्या (रक्त सहज गोठण्याच्या प्रवृत्तीच्या) तपासण्यांची यादी पाठवणं. दाहात फॅक्टर ८ हा रक्त गोठवणारा घटक वाढतो. गोठणं आवरणारी प्रथिनंही बदलतात: ताज्या गुठळीत आणि हेपॅरिनवर अँटिथ्रॉम्बिन घटतं, वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर प्रोटीन सी आणि एस घटतात. सीआरपी खूप वाढलेलं असेल तर ल्युपस अँटिकोॲग्युलंट (गुठळीचा धोका वाढवणारी अँटिबॉडी) खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. खरोखर पॉझिटिव्ह असलं तरी १२ आठवड्यांनी पुन्हा तपासावंच लागतं. बाकीच्या तपासण्या किमान तीन महिन्यांनी करा, पण त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. फॅक्टर ५ लायडन या आनुवंशिक दोषाची जनुकीय तपासणी मात्र कधीही चालते.

पाय सुजलेला असताना अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर रिपोर्टची वाट पाहू नका. महाराष्ट्रात असाल तर १०८ला फोन करा.