नव्या केलेल्या चौकात शेतकरी बाजार कसा भरवायचा

बऱ्याच तालुक्याच्या गावांत सध्या नगरपरिषदेने जुना चौक नवा केलाय, पेव्हर ब्लॉक, बाकडी, लाइट सगळं आलंय पण दिवसभर तिथे कुणी नसतं. अशा जागेवर आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांचा थेट बाजार छान भरतो. फक्त एक अट पहिल्या दिवसापासून धरून ठेवा, विकायला बसणारा माणूस किंवा त्याच्या घरचं कोणीतरी, ते स्वतः पिकवणारे पाहिजेत. ही अट सैल केली की महिन्याभरात मार्केट यार्डातून क्रेट उचलून आणणारे येऊन बसतात आणि शेतकरी येणं बंद होतं. म्हणून नाव नोंदवताना सातबारा बघा, पिकाची नोंद बघा आणि जमलं तर शेतावर एक चक्कर मारा. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये १९७६ साली असाच बाजार सुरू झाला तेव्हा तो भाग पार उतरतीला लागला होता, तिथे आजही स्वतः पिकवलेलंच विकायचा नियम आहे आणि शेतावर जाऊन तपासणी होते.

कायद्याची भीती बाळगू नका. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, त्यामुळे बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकता येतं, आणि राज्याच्या पणन मंडळाचं (शेतमाल विक्रीचं काम बघणारं सरकारी मंडळ) संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजाराचं अभियानही आहे, त्यांच्याकडे आधी चौकशी करा. जागेची परवानगी मात्र नगरपरिषदेकडून लेखीच घ्या, त्यात वार, वेळ, पाणी, लाइट, कचरा कोण उचलणार आणि शेतकरी बायकांसाठी टॉयलेट हे सगळं लिहून घ्या. तोंडी परवानगी असली की साहेब बदलले की बाजार उठतो.

जुन्या मंडईतल्या आणि पथारीवाल्या भाजीवाल्यांशी बाजार सुरू व्हायच्या आधी बोला, हे बरेच लोक टाळतात आणि मग पहिल्याच आठवड्यात भांडणं होतात. त्यांचं पोट रोजच्या विक्रीवर आहे. गावच्या नेहमीच्या आठवडे बाजाराचा वार सोडून दुसरा वार घ्या, कुणाची बसायची जागा काढून घेऊ नका, आणि नगरपरिषदेची पथविक्रेता समिती (रस्त्यावरच्या विक्रेत्यांचे प्रश्न बघणारी) असेल तर विषय तिथे मांडा.

वेळ म्हणाल तर रविवारी सकाळी सात ते दहा-साडेदहा. नंतर पेव्हर तापतो आणि पालेभाजी माना टाकते.

आता खरं काम. सगळ्यांनी एकाच आठवड्यात टोमॅटो आणले की भाव पडतो आणि माल परत न्यावा लागतो, त्यामुळे हंगामाच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून कोण काय लावणार ते ठरवायचं. मेथी साधारण महिन्याभरात उपटायला येते, मग तीन-चार जणांनी आठवड्याच्या अंतराने पेरली तर दर रविवारी ताजी मेथी मिळते आणि कुणाचीच शिल्लक राहत नाही, कोथिंबीर-पालकाचंही तसंच. पालेभाजीवाले तीन-चार, फळभाजीवाले तेवढेच, एखादा कांदा-लसूण, एखादा डाळी-ज्वारीवाला, अंडी, फुलं, हंगामी फळं, एवढ्यावर सुरुवात होते. गिऱ्हाईकाला एकाच फेरीत आठवड्याची पिशवी भरता आली पाहिजे, नाहीतर तो पुढच्या वेळी नेहमीच्या मंडईतच जातो. लोणची, पापड, घाण्याचं तेल आणणाऱ्या बचत गटांना एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करायला सांगा, ताज्या शेतमालाला शेतकऱ्याला ती लागत नाही.

भाव शेतकऱ्यांनीच सकाळी एकत्र ठरवायचा, घाऊक आणि किरकोळच्या मध्ये कुठेतरी, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचा. फार स्वस्त विकायच्या भानगडीत पडू नका, शेतकऱ्याची गाडीखर्च आणि दिवसाची मजुरी निघाली नाही तर तो तिसऱ्या रविवारी येणार नाही. वजनकाटा वैधमापन खात्याचा (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का असलेलाच हवा. क्यूआर कोड प्रत्येकाचा स्वतःचा असू द्या, एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे हा प्रकार नको.

संपल्यावर कोबीची पानं, देठ वगैरे सगळं ज्याचं त्याने गोळा करून गोठ्यात किंवा खताच्या खड्ड्यात न्यायचं, तासाभरात चौक झाडून रिकामा. पावसाळ्यासाठी ताडपत्री आणि बांबूची सोय मे महिन्यातच करून ठेवा, जूनमध्ये पळापळ केली की दोन रविवार बुडतात आणि गिऱ्हाईकाची सवय मोडते.